विश्लेषण : ‘चांगले’ व्हेप म्हणजे नेमके कसे? यंत्र, टँक, निकोटिन आणि कायदा यांचे गणित काय?

सप्टेंबर उजाडला की पुणे, मुंबई, नागपूरहून ब्रिटनला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची विमानतळावर गर्दी होते. त्यांच्यातील सिगारेट ओढणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी कळतात. तिथे वीस सिगारेटचे पाकीट पंधरा पौंडांच्या आसपास पडते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात व्हेप उघडपणे, रांगेने मांडलेले असतात. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना तिथली सरकारी आरोग्य सेवा व्हेपचा पर्याय सुचवते. तेच यंत्र सुट्टीत घरी येताना बॅगेत राहिले, तर भारतात तो गुन्हा ठरतो. त्यामुळे ‘नवशिक्याने कोणते व्हेप घ्यावे’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. यंत्राचा दर्जा कशावर ठरतो, टँक आणि कॉइल निवडताना काय पाहायचे आणि भारतात हा प्रश्नच वेगळा का होतो, याचा हा आढावा.

व्हेप म्हणजे काय? ते चालते कसे?

व्हेप किंवा ई-सिगारेटमध्ये काहीही जळत नाही. त्यात चार मुख्य भाग असतात : बॅटरी, तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, त्या कॉइलभोवतीचा कापूस आणि द्रव साठवणारी टाकी म्हणजे टँक. बटण दाबले किंवा झुरका घेतला की बॅटरीतून कॉइलमध्ये वीज जाते, तार तापते आणि कापसात मुरलेल्या द्रवाचे दाट धुके तयार होते. ते आत ओढले जाते. बोलीभाषेत त्याला वाफ म्हणतात. प्रत्यक्षात ते अतिसूक्ष्म थेंबांचे एरोसॉल असते.

द्रवात साधारणपणे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीसाठीची रसायने आणि बहुतेकदा निकोटिन असते. तंबाखूचे पान नसल्याने टार आणि कार्बन मोनॉक्साइड हे सिगारेटच्या धुरातील दोन मोठे घातक घटक इथे नसतात. मात्र निकोटिनचे व्यसन कायम राहते.

अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्येच मिळाले होते, पण ते उत्पादन बाजारात रुजले नाही. आजच्या व्हेपचे श्रेय चीनमधील औषधनिर्माता होन लिक यांना दिले जाते. स्वतः धूम्रपान करणाऱ्या लिक यांनी २००३ च्या सुमारास हे यंत्र विकसित केले.

ते कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही?

यंत्र निवडण्याआधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ब्रिटनच्या आरोग्य सेवेची भूमिका स्पष्ट आहे : सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांनी ती सोडण्यासाठी व्हेप वापरावे, जे सिगारेट ओढत नाहीत त्यांनी आणि मुलांनी व्हेपला हात लावू नये. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना समुपदेशनासह व्हेपचा प्राथमिक संच मोफत देण्याची योजना जाहीर झाली, तीही याच धोरणातून.

या भूमिकेमागे संशोधन आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रिटनमधील ८८६ जणांनी भाग घेतला होता. एका गटाला निकोटिनचे च्युइंगम, पट्टी अशी साधने दिली गेली. दुसऱ्या गटाला पुन्हा भरता येणारे साधे व्हेप आणि दर मिलीलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन असलेली बाटली मिळाली. दोन्ही गटांना समुपदेशन होते. वर्षअखेरीस व्हेपच्या गटातील १८ टक्के, तर दुसऱ्या गटातील ९.९ टक्के जण सिगारेटपासून दूर होते.

याच चाचणीतील दुसरा आकडा मात्र फारसा सांगितला जात नाही. व्हेपच्या मदतीने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के जण वर्षानंतरही व्हेप ओढत होते. च्युइंगम किंवा पट्टीच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटिन सुटले नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये केलेल्या सविस्तर आढाव्यातही दोन्ही बाजू आहेत. अल्प आणि मध्यम मुदतीत व्हेपचा धोका धूम्रपानाच्या तुलनेत बराच कमी असला, तरी ते निर्धोक नाही. विशेषतः ज्यांनी कधीच धूम्रपान केलेले नाही त्यांच्यासाठी, असे त्यात म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये ई-सिगारेटवर कडक नियंत्रणाची मागणी केली, ती प्रामुख्याने मुलांमधील वाढत्या वापरामुळे.

नवशिक्यासमोर पर्याय कोणते?

ब्रिटनच्या दुकानांत ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला पॉडचा. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे यंत्र आणि त्यावर बसणारी छोटी प्लास्टिकची डबी, म्हणजे पॉड. काही पॉड द्रव भरूनच येतात, तर काहींत बाटलीतून द्रव भरता येतो. दुसरा प्रकार पेनाच्या आकाराचा : खाली बॅटरी, वर स्क्रूने बसणारा छोटा टँक. तिसरा प्रकार म्हणजे ‘बॉक्स मॉड’ : पडदा, वॅट कमीजास्त करण्याची सोय आणि मोठा टँक असलेले जड यंत्र.

याशिवाय एकदा वापरून फेकायचे ‘डिस्पोजेबल’ व्हेप होते. मुलांमधील वापर आणि कचऱ्यात जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्या या दोन कारणांनी ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली. आता व्हेप चार्ज करता येणारे आणि पुन्हा भरता येणारे, दोन्ही असावे लागते.

सिगारेट सोडू पाहणाऱ्या नवशिक्यासाठी पुन्हा भरता येणारा पॉड किंवा पेन पुरेसा असतो. मोठे यंत्र म्हणजे चांगले यंत्र, हा समज इथे उपयोगाचा नाही. बॉक्स मॉडचा ढगासारखा धूर सिगारेटच्या सवयीशी जुळत नाही. सिगारेट ओढणारा आधी धूर तोंडात घेतो आणि मग छातीत ओढतो. पॉड आणि पेन त्याच पद्धतीने ओढायचे असतात. मोठ्या यंत्रात हुक्क्याप्रमाणे थेट छातीत ओढले जाते. नवख्या माणसाला त्याने ठसका लागतो. मग ‘व्हेप आपल्याला जमत नाही’ असे म्हणून तो पुन्हा पाकिटाकडे वळतो.

कॉइलवरचा ‘ओहम’ का पाहायचा?

प्रत्येक कॉइलवर ०.४, ०.८, १.२ असा आकडा आणि ओहमचे चिन्ह छापलेले असते. शाळेतला ओहमचा नियम इथे कामाला येतो. विद्युतदाबाचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती, अर्थात वॅट.

लिथियम बॅटरीचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट धरला, तर १.२ ओहमची कॉइल सुमारे ११ वॅट शक्ती घेते आणि तीन अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते. तीच बॅटरी ०.२ ओहमच्या कॉइलला जोडली, तर शक्ती ६८ वॅटवर जाते आणि प्रवाह साडेअठरा अँपिअरवर. म्हणजे रोध सहापट कमी झाला की उष्णता सहापट वाढते. द्रव त्याच प्रमाणात जास्त लागतो, बॅटरी लवकर उतरते आणि तिच्यावरचा ताणही वाढतो.

म्हणून नवशिक्यासाठी ०.८ ते १.२ ओहमची कॉइल सोयीची मानली जाते. तिला १० ते १५ वॅट पुरतात, झुरका सिगारेटसारखा घट्ट येतो आणि द्रव कमी खर्च होतो. ०.५ ओहमच्या खालच्या कॉइल मोठ्या धुरासाठी असतात. कॉइलवर वॅटची मर्यादाही छापलेली असते. ती ओलांडली की कापूस जळतो आणि घशात करपट चव येते. ही चव धोक्याची सूचना असते, कारण कोरड्या, अतितप्त कॉइलवर फॉर्माल्डिहाइडसारखी घातक रसायने अधिक तयार होतात.

नवी कॉइल बसवल्यावर तिच्या कापसावर द्रवाचे दोनचार थेंब सोडावेत, टँक भरून पाचदहा मिनिटे तसाच ठेवावा आणि मगच पहिला झुरका घ्यावा. नव्या कॉइल पहिल्याच दिवशी जळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ही न पाळलेली दहा मिनिटे. साध्या वापरात कॉइल एक ते तीन आठवडे टिकते. फार गोड चवीच्या द्रवातील साखरेचा पर्याय तिच्यावर काळा थर चढवतो आणि ती लवकर निकामी होते.

टँक निवडताना काय तपासावे?

ब्रिटनमध्ये टँक किंवा पॉडची कमाल क्षमता २ मिलीलिटर आहे. त्यामुळे ‘जास्त मोठा टँक’ हा दर्जाचा निकष तिथे लागूच होत नाही. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, गळती. टँक वरून भरता येत असेल तर भरताना सांडण्याची आणि गळण्याची शक्यता कमी होते. जोडांवरची रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, घट्ट बसते का आणि संचात जादा कड्या आहेत का, हे पाहावे. दुसरी, टँकचे साहित्य. काचेचा टँक फुटू शकतो, पण रसायनांना दाद देत नाही. काही प्रकारच्या प्लास्टिकला दालचिनी किंवा लिंबूवर्गीय चवीच्या द्रवाने तडे जातात. तिसरी, हवेची कडी. ती फिरवून हवा कमीजास्त करता येत असेल तर झुरका स्वतःच्या सवयीइतका घट्ट ठेवता येतो. चौथी, द्रव दिसण्याची सोय. पातळी कळली नाही तर टँक कोरडा पडून कॉइल जळते.

पाचवी गोष्ट सर्वात साधी आणि हमखास विसरली जाणारी : त्या टँकच्या कॉइल सहा महिन्यांनीही मिळतील का? प्रत्येक कंपनीची कॉइल वेगळी असते. स्वस्तात मिळालेल्या यंत्राच्या कॉइल दुकानात येईनाशा झाल्या, की ते यंत्र कचरा होते. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. कॉइल आणि द्रवाचा खर्च मात्र दर महिन्याचा असतो. ब्रिटन सरकारने १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिलीलिटर द्रवावर २.२० पौंड कर जाहीर केला आहे, त्यामुळे हा हिशेब आणखी महत्त्वाचा होणार आहे.

निकोटिन किती असावे?

इथे नवशिक्यांच्या दोन उलट चुका होतात. दिवसाला वीस सिगारेट ओढणारा माणूस ‘कमी म्हणजे बरे’ असे समजून ३ मिलिग्रॅमची बाटली घेतो, तलफ भागत नाही आणि चार दिवसांत पाकीट परत येते. दुसरीकडे, जेमतेम दोनतीन सिगारेट ओढणारा सर्वात कडक द्रव घेतो आणि निकोटिनची सवय वाढवून बसतो.

ब्रिटनमध्ये कमाल मर्यादा दर मिलीलिटरला २० मिलिग्रॅम आहे. साध्या पॉडमध्ये, रोज पाकीटभर ओढणाऱ्यासाठी १८ ते २०, त्याच्या निम्मे ओढणाऱ्यासाठी १० ते १२ आणि क्वचित ओढणाऱ्यासाठी त्याहून कमी, असा दुकानांतला ढोबळ हिशेब आहे. त्या शहरातील धूम्रपानमुक्ती केंद्रातला समुपदेशक तो नेमका करून देतो. ही मात्रा मोठ्या यंत्राला लावायची नसते. ६०-७० वॅटच्या यंत्रात एका झुरक्यात कितीतरी पट जास्त द्रव जातो, म्हणून तिथे ३ मिलिग्रॅमचा द्रव वापरतात. मळमळ, चक्कर, डोकेदुखी ही निकोटिन जास्त झाल्याची लक्षणे आहेत.

बाटलीवर ‘सॉल्ट’ असा शब्द दिसतो. त्यात निकोटिनमध्ये सेंद्रिय आम्ल मिसळून त्याचा घशातला तिखटपणा कमी केलेला असतो. सिगारेट सोडणाऱ्याला ते सोयीचे जाते. पण कडक निकोटिन घशाला न जाणवता जाते, म्हणूनच ते किशोरवयीन मुलांसाठी अधिक धोक्याचे ठरते.

द्रवातील ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे प्रमाणही कॉइलशी जुळावे लागते. १ ओहमच्या आसपासच्या कॉइलला निम्मे-निम्मे मिश्रण चालते. ७० टक्के ग्लिसरीन असलेला घट्ट द्रव लहान कॉइलच्या छिद्रांतून वेळेत झिरपत नाही आणि कापूस कोरडा पडतो. भरलेली बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंद ठेवणे आवश्यक आहे. लहान मुलाने ती प्यायल्यास जिवावर बेतू शकते.

बॅटरीचे काय?

व्हेपच्या स्फोटांच्या बातम्या क्वचित येतात, पण त्यांच्या मुळाशी बहुधा बॅटरीच असते. नवशिक्याने यंत्रातच बसवलेली बॅटरी निवडावी. सुट्या १८६५० बॅटऱ्यांचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या सेलचे, यंत्र पुढच्या टप्प्याचे असते. असा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांसोबत ठेवला तर दोन्ही टोके जोडली जाऊन शॉर्ट सर्किट होते. वेष्टन फाटलेला सेल वापरायचा नसतो.

ज्या यंत्रात नियंत्रण करणारी चिप असते ते कॉइलचा रोध मोजते आणि गडबड असेल तर वीज तोडते. चिप नसलेल्या ‘मेकॅनिकल’ यंत्रात ही सोय नसते. पूर्ण चार्ज झालेला ४.२ व्होल्टचा सेल अशा यंत्रात ०.२ ओहमच्या कॉइलला जोडला, तर प्रवाह २१ अँपिअर होतो. सेलची क्षमता २० अँपिअरची असेल, तर पहिल्याच झुरक्याला मर्यादा ओलांडली जाते. हे गणित ज्याला करता येत नाही, त्याने ते यंत्र घेऊ नये.

दर्जाची खात्री कोण देते?

वर सांगितलेले निकष ग्राहक स्वतः तपासू शकतो. पण बाटलीत खरोखर २० मिलिग्रॅमच निकोटिन आहे का, चवीच्या नावाखाली काय मिसळले आहे, तापल्यावर काय बाहेर पडते, हे घरी तपासता येत नाही. तिथे व्यवस्था लागते.

ब्रिटनमध्ये २०१६ च्या नियमांनुसार निकोटिनयुक्त व्हेप बाजारात आणण्याआधी कंपनीला औषध नियामक संस्थेकडे, म्हणजे ‘एमएचआरए’कडे, घटक आणि उत्सर्जनाची माहिती सहा महिने आधी द्यावी लागते. नोंद झालेल्या उत्पादनांची यादी संकेतस्थळावर पाहता येते. द्रवाची बाटली कमाल १० मिलीलिटरची, झाकण मुलांना न उघडणारे आणि वेष्टनावर निकोटिनच्या व्यसनाचा इशारा, ही बंधने आहेत. रंग, कॅफीन, टॉरिन आणि जीवनसत्त्वे मिसळण्यास मनाई आहे. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री करणे २०१५ पासून गुन्हा आहे. अर्थात ही नोंदणी म्हणजे औषध म्हणून मान्यता नव्हे.

म्हणून दुकानात विचारायचे प्रश्न मोजके आहेत. हे उत्पादन नोंदणीच्या यादीत आहे का? टँक २ मिलीलिटरचाच आहे का? निकोटिन २० मिलिग्रॅमच्या आत आहे का? इशारा इंग्रजीत छापलेला आहे का? कॉइल सुटी मिळते का? यातील एकाही प्रश्नावर दुकानदार अडखळला, तर दुसरे दुकान गाठणे बरे.

भारतात स्थिती काय आहे?

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाद्वारे ई-सिगारेटवर बंदी आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. ऑनलाइन विक्रीही त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रे आणि ई-हुक्काही कायद्याच्या व्याख्येत आहेत.

कायद्यात ‘ओढणे’ हा वेगळा गुन्हा म्हणून नोंदलेला नाही, यावर अनेक जण बोट ठेवतात. मात्र परदेशातून यंत्र आणणे आयातीत मोडते. ब्रिटन सरकारच्या प्रवाससूचनेतही ई-सिगारेट भारतात नेता येत नाही, असे नागरिकांना बजावलेले आहे. सिंगापूरमध्ये तर २०१८ पासून व्हेप बाळगणे आणि ओढणेही गुन्हा आहे. त्यामुळे लंडनहून मुंबईला किंवा सिंगापूरमार्गे निघालेल्या प्रवाशाने व्हेप सामानात न ठेवणे हेच शहाणपणाचे.

या बंदीवर मतभेद आहेत. अधिक घातक असलेली सिगारेट पानटपरीवर मिळते आणि तिचा पर्याय मात्र बेकायदा, ही विसंगती असल्याचे टीकाकार म्हणतात. निकोटिनची नवी वाट तरुण पिढीसमोर उघडू द्यायची नाही, हा सरकारचा युक्तिवाद आहे.

बंदी असूनही मिळणाऱ्या व्हेपचे काय?

बंदीनंतरही शहरांत चोरट्या मार्गाने व्हेप मिळतात, हे कारवाईच्या बातम्यांतून दिसत असते. ‘ओरिजिनल आहे, परदेशी माल आहे’ अशी हमी विक्रेता देतो. इथे दर्जाचा प्रश्नच संपतो. वेष्टनावर कोणतेही नाव असो, आत काय आहे हे तपासणारी यंत्रणा या व्यवहारात नाही. बिल नाही, तक्रारीची जागा नाही, वयाची चौकशी नाही. ओहम, वॅट आणि टँकची कितीही माहिती असली, तरी बाटलीतल्या द्रवाबाबत ग्राहक आंधळाच राहतो.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या रुग्णांची साथ उसळली. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा मृत्यू झालेल्या २ हजार ८०७ रुग्णांची नोंद झाली. त्यातील ६८ जण दगावले. तपासात संशयाची सुई ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ या घट्टपणा आणणाऱ्या तेलकट पदार्थाकडे वळली. गांजातील ‘टीएचसी’ हा घटक असलेल्या आणि बहुतांशी अनौपचारिक मार्गाने मिळवलेल्या काड्यांत तो आढळला. ओढणाऱ्याला ना त्याचा वास आला, ना चव. ब्रिटनच्या नियमांत जीवनसत्त्वे मिसळण्यास मनाई आहे, तिचे महत्त्व इथे कळते.

महाराष्ट्रात तंबाखू सोडायची असेल तर?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के होते. म्हणजे राज्याचा मुख्य प्रश्न गायछाप मळणाऱ्यांचा, खर्रा, मावा चघळणाऱ्यांचा आणि मशेरी लावणाऱ्यांचा आहे. त्यांच्यासाठी व्हेप हा पर्याय नाही. उलट तोंडाच्या सवयीला फुप्फुसाची जोड मिळण्याची भीती आहे.

ज्यांना सोडायचे आहे त्यांच्यासाठी कायदेशीर आणि तपासलेली साधने इथे उपलब्ध आहेत. निकोटिनचे च्युइंगम आणि पट्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही औषधे २०२१ मध्ये त्या यादीत आली. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. औषध म्हणून परवाना असलेली अशी साधने २०१९ च्या बंदीतून वगळलेली आहेत. केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क असून तिथे समुपदेशन मिळते.

व्हेपचा उपयोग सिगारेट सोडण्यापुरता आहे, असे त्याला मान्यता देणारा ब्रिटनही सांगतो. तिथल्या दुकानात उभ्या असलेल्या, खरोखर सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढासाठी चांगले व्हेप म्हणजे साधे, पुन्हा भरता येणारे, १ ओहमच्या आसपास कॉइलचे, नोंदणी झालेले आणि हळूहळू निकोटिन कमी करत एक दिवस बाजूला ठेवता येईल असे यंत्र. सिगारेट आणि व्हेप दोन्ही सुरू राहिले, तर फायदा जवळपास उरत नाही. जो सिगारेट ओढत नाही, त्याच्यासाठी चांगले व्हेप अस्तित्वात नाही. आणि जो भारतात आहे, त्याला तशी खात्री देणारे कोणीच नाही.